मडकं घ्यावं वाजवून

माठ घेताना आजी कुंभाराशी फारसं बोलत नसे. माठ डाव्या हातावर तोलायची, उजव्या हाताच्या बोटाचं पेर त्याच्या पोटावर मारायची आणि कान द्यायची. एक बाजूला. दुसराही बाजूला. तिसरा खणकन वाजला की मगच कनवटीचे पैसे बाहेर यायचे. माती कुठल्या तळ्याची, भट्टी किती तापली, यातलं तिला काही ठाऊक नव्हतं. तरी तिनं आणलेला माठ कधी तडकलेला निघाला नाही.

यामागचं शास्त्र मोठं गमतीचं आहे. भाजलेल्या मातीवर टिचकी बसली की माठाची सगळी भिंत एकजुटीनं थरथरते, सेकंदाला शेकडो वेळा. माती कडक असल्यामुळे ही थरथर पटकन विरत नाही आणि आपल्याला नाद ऐकू येतो. पण मध्ये केसाएवढी चीर असली तर तिच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासतात, थरथरीतली ऊर्जा तिथेच उष्णता होऊन संपते आणि नुसतं ‘भद्द’ वाजतं. डोळ्याला न दिसणारी चीर अशी कानाला सापडते. ती ऐकायला कुंभार असावं लागत नाही.

घराच्या दुरुस्तीला माणूस बोलावताना अशी टिचकी मारता येते का? गेल्या मे महिन्यात आमच्या छताखाली एकामागून एक तीन कंत्राटदार उभे राहिलेले पाहिले, तेव्हापासून मला वाटतं, येते.

पंख्याच्या हुकाभोवतीचा डाग

आमचं घर ठाण्यातल्या एका चार मजली इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर. हॉलच्या छताला, बरोबर पंख्याच्या हुकाभोवती, ओलीचा डाग आला. आधी बशीएवढा होता, महिन्याभरात परातीएवढा झाला. गच्ची सोसायटीची. पावसाच्या पाण्याची किंवा सामाईक पाइपांची गळती असेल तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चानं व्हावी, असं महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत म्हटलेलं आहे. त्यामुळे कमिटीनं तिघांना बोलावलं आणि ‘कोटेशन द्या’ म्हणून सांगितलं.

पहिला दारातूनच छताकडे बघून म्हणाला, “गच्चीचा कोबा गेलाय. पूर्ण काढून नवा करायला लागेल. आज ठरवलंत तर या रेटमध्ये बसवतो, पंधरा तारखेनंतर माणसं मिळणार नाहीत.” पाच मिनिटांत काम आटोपलं. आकडा पावणेपाच लाख.

दुसऱ्याच्या हातात गुळगुळीत कागदाचं पत्रक होतं. केमिकल परदेशी, गॅरंटी दहा वर्षांची, नंतर कटकटच नाही. गच्चीवर जाऊन त्यानं मोबाइलवर चार फोटो काढले आणि तोही साडेतीन लाखांवर थांबला.

तिसरा वयस्कर गवंडी. चप्पल बाहेर काढली, पाणी प्यायला आणि सेक्रेटरींना विचारलं, “काका, हा डाग कधी ओला असतो? पावसात, की बारा महिने?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मे महिना चालू होता. ऑक्टोबरनंतर थेंब पडलेला नव्हता. मग डाग ओला कसा? पावसाच्या पाण्याचा बंदोबस्त करायला निघालेल्या दोघांच्या आणि त्यांना ऐकणाऱ्या आम्हा सहा जणांच्याही हे डोक्यात आलं नव्हतं.

त्यानं खिशातून पेन्सिल काढली, स्टुलावर चढून डागाच्या कडेनं रेघ ओढली आणि शेजारी तारीख लिहिली. मग गच्चीवर गेला. टाकीपासून निघालेली फ्लशच्या पाण्याची लाइन कोब्याखालून कुठे जाते ते विचारलं, पकडीच्या दांड्यानं जमीन ठोकत ठोकत गेला आणि म्हणाला, “ही लाइन दोन दिवस बंद ठेवा. बादलीनं भागवा. मी परवा येतो.”

परवा डाग रेघेच्या आत सुकत आला होता. लाइन चालू केली. दुसऱ्या दिवशी ओल रेघेच्या बाहेर. वैज्ञानिकानं आणखी काय वेगळं केलं असतं? आधी नोंद, मग एकच गोष्ट बदलायची, मग पुन्हा नोंद.

गळका सांधा डागापासून बारा फुटांवर निघाला. सेकंदाला एक थेंब ही गळती ऐकायला किरकोळ वाटते, पण दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले की चार लिटरहून जास्त पाणी होतं. ते कोब्याखालून वाट काढत स्लॅबमध्ये पुरलेल्या वायरिंगच्या पाइपापर्यंत पोचलं आणि तो पाइप जिथे संपतो तिथे, म्हणजे पंख्याच्या डबीत उतरलं. अनेक घरांत ओल नेमकी पंख्यापाशी दिसते ती यामुळेच. पहिल्या दिवशी गवंड्यानं आधी आमचा मेन स्विच बंद करायला लावला होता, तेही यामुळेच.

पाण्याच्या वाटा

पाणी जिथे दिसतं तिथून ते आलेलं असेलच असं नाही. गळतीच्या कामात फसवणूक सोपी होते ती यामुळे.

काँक्रीट आपल्याला दगडासारखं वाटतं. आत मात्र ते बारीक नळ्यांचं जाळं असतं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं, आणि म्हणूनच ते पाण्याखालीही घट्ट होऊ शकतं. ५० किलोच्या पोत्याला या क्रियेसाठी साधारण २० लिटर पाणी पुरतं. पण इतकं कोरडं मिश्रण थापायला जड जातं, म्हणून बिगारी आणखी अर्धी बादली ओततो. हे जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि त्याची जागा मोकळी राहते. त्या मोकळ्या जागाच पुढे पाण्याच्या वाटा होतात.

अशा वाटेवर पाणी वरही चढतं. केसाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढ्या, म्हणजे २० मायक्रॉन रुंदीच्या नळीत ते स्वतःच्या ओढीनं जवळपास दीड मीटर चढू शकतं. भिंत खालून ओली होत छातीपर्यंत येते ती अशी. आणि ओल आतल्या सळईपर्यंत पोचली, गंज धरला, की त्या गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. तो काँक्रीटला आतून रेटतो आणि एके दिवशी छताचा पोपडा खाली येतो. अशा सळईवर नुसता गिलावा थापून, पुट्टी ओढून, रंग मारून देणारा माणूस दुरुस्ती करत नाही. तो एका पावसापुरती लपवाछपवी विकतो.

वरून येणारं पाणी किती असतं, याचाही एकदा अंदाज घ्यावा. मुंबई-ठाण्यात मोसमात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे पाचशे चौरस फुटांच्या गच्चीवर चार महिन्यांत नव्वद हजार लिटरहून अधिक पाणी, दहा हजार लिटरचे नऊ टँकर. २६ जुलै २००५ या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला. तेवढ्याच गच्चीवर ४४ हजार लिटर. हे सगळं पाणी शंभरात एक एवढ्या उतारावर आणि कठड्याच्या मुळाशी गोलाई देऊन केलेल्या वाट्यावर आपण सोपवतो. उतार कुठे पाव इंच चुकला की तिथे डबकं होतं, आणि डबक्याला वाट शोधायला रात्रंदिवस वेळ असतो.

लिंबांचा बाजार

आता कंत्राटदाराच्या बाजूनं बघू. काम मे महिन्यात होतं, परीक्षा जुलैत. काम पाच सेंटिमीटर आत होतं, आपण बघतो वरचा थर. पुढच्या वर्षी गळलं नाही, तर ते त्याच्या हातामुळे की पाऊस कमी झाल्यामुळे, हेही आपल्याला सांगता येत नाही. आंबा खाल्ल्यावर गोडी कळते. हा माल असा की विकत घेऊन वापरल्यावरही नीट कळत नाही.

अशा बाजाराचं काय होतं, यावर जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली एक छोटा निबंध लिहिला. उदाहरण जुन्या मोटारींचं होतं. खराब निघालेल्या गाडीला अमेरिकी बोलीत लिंबू म्हणतात, म्हणून निबंधाच्या नावातच लिंबांचा बाजार आला. तीन नियतकालिकांनी तो नाकारला, चौथ्यानं छापला आणि २००१ साली अकरलॉफना दोघांच्या जोडीनं नोबेल मिळालं. मुद्दा साधा होता. चांगली आणि वाईट वस्तू गिऱ्हाइकाला सारखीच दिसत असेल, तर तो दोन्हींना मधलाच भाव देतो. त्या भावात चांगलं काम परवडत नाही, म्हणून चांगला माणूस बाजारातून बाजूला होतो. उरतात त्यांत लिंबं जास्त. मग गिऱ्हाईक भाव आणखी पाडतो.

हे वाचताना आपल्या कमिटीची मीटिंग आठवते ना? तीन कोटेशनं टेबलावर, आणि कोणीतरी म्हणतं, “सगळे सारखेच, स्वस्तवाल्याला देऊन टाका.” म्हणजे लिंबू पिकवण्यात आपलाही हात असतोच.

याच नोबेलात वाटेकरी असलेल्या मायकेल स्पेन्सनी उलट्या टोकानं विचार केला होता: चांगल्या माणसानं आपलं चांगलेपण पटवायचं कसं? त्यांचं उत्तर असं, की खूण अशी हवी जी खऱ्याला स्वस्त पडेल आणि खोट्याला महाग. “काळजी करू नका” म्हणणं दोघांनाही फुकट असतं, म्हणून त्यातून काहीच कळत नाही. गुळगुळीत पत्रकही दोघं छापू शकतात. टिचकी मारायची ती जिथे खोट्याला खर्च येतो, तिथे.

कुठे वाजवायचं

पहिली जागा त्याच्या प्रश्नांची. खरा कारागीर भाव सांगण्याआधी आजाराचा इतिहास विचारतो: कधीपासून, कुठल्या ऋतूत, वर काय आहे, आधी कुणी काय केलं होतं. सोंग घेणाऱ्याला हे जमत नाही, कारण नेमकं काय विचारायचं हे कळायला काम यावं लागतं. तो फरशी किंवा गिलावा ठोकून बघतो का, तेही पाहा. खालून चिकटलेली फरशी टणक वाजते, सुटलेली ढबढबते. ही आजीचीच टिचकी, फक्त पकडीच्या दांड्यानं मारलेली.

दुसरी जागा मापांची. ‘वॉटरप्रूफिंग करून देणे, एकरकमी’ एवढी एक ओळ म्हणजे कोटेशन नव्हे. किती चौरस फूट, कोबा किती जाडीचा, गिलावा कुठल्या प्रमाणात, मजुरी वेगळी की मटेरियलसकट, परांची आणि डेब्रिज उचलणं कुणाकडे, हे लिहून मागावं. लिहून दिलेलं माप मोजता येतं. म्हणून लबाड माणूस मोघम राहतो, आणि काम अर्ध्यावर आल्यावर त्याचं ठरलेलं वाक्य येतं, “ते एस्टिमेटमध्ये नव्हतं.”

मापांत वाळूची गोष्ट तर जादूचीच. वाळू ब्रासवर विकतात; एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. पण किंचित ओली वाळू फुगते. प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि कण एकमेकांपासून दूर राहतात. अवघ्या पाच टक्के ओलीनं वाळू वीस ते तीस टक्के जास्त जागा व्यापू शकते. पंचवीस टक्के फुगलेल्या वाळूचा एक ब्रास घेतला की पदरात ऐंशी घनफूट पडते, बाकीचे पैसे हवेचे. पटत नसेल तर ओलसर वाळूनं काचेचा पेला काठोकाठ भरा आणि वाळू बुडेपर्यंत पाणी ओतून ढवळा. वाळू वाढायच्या ऐवजी खाली बसते. थोड्या पाण्यानं फुगलेली वाळू भरपूर पाण्यानं पुन्हा मूळ मापावर येते. ‘वाळू किती फुगलीये, मिस्त्री?’ एवढं सहज विचारून पाहावं. जाणता हसून सांगतो, आणि आपल्याला काही कळतं हे त्यालाही कळतं.

तिसरी जागा जीएसटीच्या नंबराची. त्या पंधरा अक्षरांत बरीच माहिती दडलेली असते. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्यामुळे नंबरातलं सहावं अक्षर धारक कोण ते सांगतं: ‘पी’ म्हणजे एकटी व्यक्ती, ‘एफ’ म्हणजे भागीदारी, ‘सी’ म्हणजे कंपनी. सातवं अक्षर व्यक्ती असेल तर आडनावाचं आद्याक्षर, कंपनी असेल तर तिच्या नावाचं. व्हिजिटिंग कार्डावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि सहाव्या जागी ‘पी’ असेल, तर तिथे भद्द वाजलं. शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून गणितानं काढलेलं असतं, म्हणून मनानं रचलेला नंबर सहसा टिकत नाही. सरकारी पोर्टलवर टाकला की एका मिनिटात कळतं. पण न्याय दोन्हीकडून हवा. सेवेची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणी सहसा सक्तीची नाही. आमच्या म्हाताऱ्या गवंड्याकडे नंबर नव्हता, आणि त्यानं बिलात जीएसटी लावलाही नव्हता. खोट तिथे असते, जिथे नंबर नसताना कर वसूल होतो.

चौथी जागा जुन्या कामांची. गेल्या महिन्यात संपलेलं काम दाखवणं सोपं. दोन पावसाळे खाल्लेलं काम दाखवा म्हणावं, आणि तिथल्या माणसाला एकच विचारावं: तक्रार केल्यावर हा परत आला का? दहा वर्षांच्या गॅरंटीचा कागद देणारी फर्म स्वतः दोन वर्षांची असेल, तर उरलेली आठ वर्षं कुणाच्या भरवशावर?

पाचवी जागा नकाराची. “ही भिंत काढायची आहे” म्हटल्यावर जो लगेच हातोडा मागवतो, त्याच्यापासून दूर राहावं. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरला एक चार मजली इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावर चालू असलेल्या नूतनीकरणाच्या कामावर तेव्हा बोट ठेवलं गेलं होतं. भिंत नुसती आडोशाची आहे की वरचं वजन तिच्यावर आहे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावणार नाही, असं म्हणणारा माणूस आपलं गिऱ्हाईक गमावायला तयार असतो. ती खूण महाग असते, म्हणूनच खरी.

शेवटची जागा पैशांची. निम्म्याहून जास्त उचल आधीच मागितली आणि कारण ‘माल आणायचाय’ हे असेल, तर माल आपण आपल्या नावाच्या बिलावर आणून देऊ म्हणावं आणि चेहरा बघावा. कामाचे टप्पे पाडून टप्प्याटप्प्यानं पैसे द्यावेत. आणि दहा टक्के पहिल्या पावसाळ्यानंतर देऊ असं लेखी ठरवावं. ज्याला आपल्या हाताची खात्री आहे तो थोडा कुरकुरतो आणि मान्य करतो. ज्याला पाणी येणार हे ठाऊक आहे त्याला ते दहा टक्के बुडीतच वाटतात. मात्र रोजंदारीवर पोट असलेल्या माणसाची मजुरी अडवू नये. राखायचा तो कंत्राटदाराचा नफा. असा कागद आणि बिल हाताशी असलं तर पुढे ग्राहक आयोगात उभं राहायलाही जमीन मिळते.

या सगळ्यात घाई हा सर्वांत फुटका आवाज. सिमेंटला पाणी मारत दिवस काढावे लागतात, गच्चीत पाणी भरून अठ्ठेचाळीस तास थांबावं लागतं. पदार्थालाच धीर लागतो, तिथे ‘आजच ठरवा’ म्हणणारा कुठल्या पदार्थाचं काम करतो?

रेघ

गवंड्यानं कोब्याची दोन फूट पट्टी उकरली, सांधा बदलला, पट्टी पुन्हा भरली, वर बांध घालून पाणी साठवलं आणि दोन दिवस रोज येऊन आमच्या छताकडे बघून गेला. पावणेपाच लाखांच्या जागी साडेआठ हजार झाले. कमिटीत कुणीतरी सवयीनं म्हणालं, “आठ करा की.” त्यानं ऐकलं नाही. सेक्रेटरींनीही मग आग्रह धरला नाही.

पावसाळा गेला. दिवाळीत छत रंगवायला रंगारी आला आणि त्यानं विचारलं, ही पेन्सिलची रेघ पुसायची ना? मी म्हटलं, असू दे अजून एक पावसाळा. त्यानं स्टुलावरून वाकून पाहिलं आणि बोटाच्या पेरानं रेघेच्या आत दोनदा टकटक केलं. भरीव वाजलं.